अब्बांच्या वाक्यातला 'अगर'

अब्बा, परवा दुपारी टीव्हीवर एक पुढारी बोलत होते. आमच्याकडं पक्की माहिती आहे, आमच्या खात्याचा तसा अहवालच आहे, असं ते हात वर करून सांगत होते आणि समोरची माणसं टाळ्या वाजवत होती. सून म्हणाली, "अहवालच आहे म्हणतात, म्हणजे खरंच असणार." पंखा फिरत होता, बाहेर ऊन तापलं होतं, आणि माझा डोळा लागला की नुसती गुंगी आली कोण जाणे, पण मला तुम्ही दिसलात. टोपी गुडघ्यावर काढून ठेवलेली, टाक हातात, आणि एका शब्दापाशी अडलेले. म्हणून हे लिहायला बसले.

तुमचं काम नेमकं काय होतं ते मला फार उशिरा कळलं. कोणी विचारलं तर मी सांगायची, आमचे अब्बा गावोगाव फिरतात. अम्मी सांगायची, कचेरीत आहेत. दोन्ही खरं होतं. निझामाचं राज्य होतं आणि तुम्ही औरंगाबाद जिल्ह्याच्या खुफिया खात्यात होतात. सरहद्दीवरच्या गावांत जायचं, लोकांत बसायचं, कुणाच्या मनात काय आहे त्याचा अंदाज घ्यायचा आणि घरी येऊन उर्दूत त्याची कैफियत, म्हणजे अहवाल, लिहायची. ती जायची मोहतमीम साहेबांकडं, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखांकडं, आणि तिथून हैदराबादला. पुढं तिचं काय व्हायचं ते तुम्हालाही ठाऊक नसावं. बेगमपुऱ्यातल्या आपल्या घरात उजेड एकट्या स्वयंपाकघरात चांगला यायचा, म्हणून तुम्ही चुलीपासून जरा लांब, खिडकीखाली बसून लिहायचात. अम्मी खट्टी दाल ढवळता ढवळता म्हणायची, "बावर्चीखाने में सरकार नक्को लाओ जी." तुम्ही हसायचात आणि तिलाच विचारायचात, "'डरे हुए' लिखूं, कि 'बहोत डरे हुए'?" ती म्हणायची, "तुम गए थे, कि मैं?" आणि तुम्ही खरंच विचारात पडायचात.

त्याच खिडकीखाली तुम्ही मला एकदा रागावला होतात. आपली एक कोंबडी नाहीशी झाली होती आणि मी धावत येऊन सांगितलं की शेजारच्यांनी ती कापून खाल्ली. तुम्ही टाक खाली ठेवलात. "देखा तूने?" मी म्हटलं, पाहिलं नाही, पण त्यांच्या अंगणात पिसं पडलीत. "तो बोल, पिसं पडी हैं. मुर्गी उन्होंने खाई, ये मत बोल." मी रडायला लागले. तुम्ही जवळ घेतलं नाही. अम्मीनं घेतलं. त्या वेळी मला वाटलं, कोंबडीपेक्षा पिसांचं एवढं काय! कोंबडी संध्याकाळी खाम नदीच्या काठानं आपसूक परत आली, आणि तरीही तुम्ही 'बघ, मी सांगत होतो' असं म्हणाला नाहीत.

मी बारा-तेरा वर्षांची असेन, तेव्हा तुम्ही मला बरोबर घेऊन गंगापूरच्या पुढं गोदाकाठी गेलात. इंग्रज निघून गेले होते, हिंदुस्थान वेगळा आणि आपलं राज्य वेगळं, असे ते चमत्कारिक दिवस होते. नदीच्या या काठाला निझाम आणि त्या काठाला हिंदुस्थान. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की मी अब्बांबरोबर मोटारीत बसलेय. मुलगी बरोबर असलेल्या माणसाला लोक कुठून आलास म्हणून फार विचारत नाहीत, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगलं. त्याचा राग मला कधी आला नाही, कारण तो दिवस माझा होता. गंगापूरपासून छकड्यात बसून आपण निघालो. उन्हाळा लागलेला. लांबून नदी दिसते, पण पाणी दिसत नाही, नुसता पांढरा वाळूचा पट्टा आणि त्यात एक निळी रेघ. तिथं गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. धुरळ्यातून मेंढरं येताहेत, आधी आवाज येतो, मग वास, मग ती. मला अजूनही कधी कधी झोप लागताना तो आवाज येतो.

काठावर धनगरांची वस्ती होती, थोडीशी कुडाची घरं. तिथल्या म्हाताऱ्यानं तुम्हाला घोंगडी अंथरून दिली. त्याची बायको मला आत घेऊन गेली. दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून म्हणाली, "लई वाळलीय की गं पोरगी. आई खाऊ घालती का नाय?" तिनं दूध दिलं. त्याला धुराचा वास होता. बाहेर तुमचं बोलणं चाललं होतं, ते मला कुडातून ऐकू येत होतं. तुम्ही विचारलंत, "दिवस कलला की तुम्ही पलीकडं जाता म्हणतात. का जाता?" म्हातारा म्हणाला, "लेक दिलीय तिकडं. आन् इथं ते खाकीवाले येत्यात. मेंढरू मागत्यात, नाय म्हनलं की मारत्यात. बाया-पोरं तिकडं निजत्यात, गडीमानसं इथं ऱ्हात्यात."

"आणि बंदुका आणता म्हणतात?"

म्हातारा हसला असावा. "बंदूक? भाऊ, मला काठी उचलंना आता."

तुम्ही उठलात. घरं पाहिलीत, मेंढरं पाहिलीत, वाळूवरून पार पलीकडच्या काठापर्यंत चालत गेलात आणि परत आलात. मी दाराशी म्हातारीच्या मांडीला टेकून बसले होते आणि तुम्ही परत येताना उन्हाच्या झळांत तुमचे पाय जमिनीला लागतच नव्हते, तरंगत येत होतात.

घरी येऊन तुम्ही लिहिलंत आणि नेहमीसारखं हळू आवाजात वाचून पाहिलंत. दोन वाक्यं मला तेव्हाच पाठ झाली, कारण तुम्ही ती कितीतरी वेळा वाचलीत. "ये लोग डरे हुए हैं. अगर इनको और सताया गया, तो ये दर्या-पार वालों से मिल जाएंगे." ही माणसं घाबरलेली आहेत, त्यांना आणखी छळलं तर ती नदीपलीकडच्यांना मिळतील. 'अगर'वर तुम्ही जरासे थांबायचात. अम्मी म्हणाली, "अच्छा है. अब उठो, रोटी ठंडी हो रही."

त्यानंतर हैदराबादहून एक मोठे पुढारी आले. मैदानात सभा होती. आम्ही बायका-मुली मागं पडदा लावलेल्या टांग्यांत बसलो होतो. पडद्याच्या फटीतून मला झेंडे दिसत होते, त्या पुढाऱ्यांच्या संघटनेची खाकी कपड्यांतली पोरं दिसत होती आणि बाजूच्या लिंबाच्या झाडाखाली उभे असलेले तुम्ही. पुढाऱ्यांचा आवाज सुंदर होता, अब्बा. कुणी गाणं म्हणावं तसं ते बोलायचे. ते म्हणाले, दुश्मन बाहेर नाही, घरात आहे. म्हणाले, मी माझ्या मनचं सांगत नाही. "खुद हमारे खुफिया महकमे ने लिख के दिया है, कि गंगा किनारे के ये लोग दर्या-पार वालों से मिल जाएंगे!" मैदान गरजलं. मला आधी आनंदच झाला, की हे तर आपल्या स्वयंपाकघरातलं वाक्य! मग मी त्याच्या सुरुवातीची वाट पाहू लागले. मला वाटलं, आता ते मागं जाऊन पहिला भाग म्हणतील. ते पुढच्या गोष्टीवर गेले. मी फटीतून तुमच्याकडं पाहिलं. सगळं मैदान ओरडत होतं आणि तुमचे ओठ नुसते हलत होते, वर्गात उत्तर येत असूनही कोणी विचारत नाही तेव्हा मुलांचे हलतात तसे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मोहतमीम साहेबांकडं गेलात. दिवेलागणीला परत आलात तेव्हा अम्मीला जे सांगितलंत ते मी दाराशी बसून ऐकलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तुम्हाला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, मी तुमची कैफियत जशीच्या तशी वर पाठवली होती. तिथं रोज ढिगानं कागद येतात. कोणीतरी लांबलचक मजकुराचा थोडका मजकूर करतं, त्या थोडक्याचा आणखी कोणी आणखी थोडका करतं, आणि शेवटी जो वाचतो त्याला आधीपासूनच काय हवंय ते ठाऊक असतं. तुम्ही म्हणालात, मग त्यांना सांगा की वाक्य अर्धं आहे. साहेब म्हणाले, "मियां, अब वो बात वापस नहीं आती. सुननेवालों को पसंद आ गई है." आणि मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं की खाकीवाल्यांची एक टोळी त्या वस्तीवर जाणार आहे, आणि त्यांना अडवू नका असा वरून निरोप आहे.

अम्मीनं तुमच्याकडं पाहिलं आणि तिला कळलं. "जाओगे?"

"हौ."

"नौकरी जाएगी. पता चला तो तुम्हें भी नहीं छोड़ेंगे."

तुम्ही म्हणालात, "मेरी बात पे जा रहे हैं वो लोग. मेरी बात पे." अम्मी रागानं उठली. भांड्यांचा आवाज केला, मला उगाच एक धपाटा घातला. आणि सकाळी तिनंच भाकरी बांधून दिली, आणि दारात उभी राहून तुम्ही गल्लीच्या वळणाला दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिली.

तिथं काय झालं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मला ते त्या म्हातारीनं पुढं सांगितलं. भर दुपारी तुम्ही आलात, बाभळीखाली बसलात, पाणी मागितलंत. इकडचं तिकडचं बोललात. मग म्हणालात, "यंदा पलीकडं चारा बरा आहे म्हणतात." म्हाताऱ्यानं तुमच्याकडं पाहिलं. "आजच जावं का?" तुम्ही म्हणालात, "आजच." याहून एक शब्द जास्त नाही. त्यांनी तट्टांवर कोकरं आणि भांडीकुंडी लादली, आणि सगळी वस्ती गुडघाभर पाण्यातून पलीकडं गेली. शेवटचं मेंढरू पाण्यात उतरेपर्यंत तुम्ही काठावर होतात, असं ती म्हणाली. एक लंगडी मेंढी मागं फिरत होती, ती तुम्ही उचलून पाण्यात नेऊन दिलीत, धोतराचा विचार न करता, असंही म्हणाली. पायजमा म्हणायचं होतं तिला. घरी आलात तेव्हा तो गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला होता. अम्मीनं न विचारता धुतला.

टोळी आली तेव्हा घरं रिकामी होती. त्यांनी ती पेटवून दिली. माणूस एकही गेला नाही. पण अब्बा, पुढं जे झालं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. हैदराबादला बातमी गेली की सगळी वस्ती रातोरात हिंदुस्थानात पळाली. पुढारी पुढच्या सभेत म्हणाले, मी सांगत नव्हतो? आमच्या खात्याचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. आणि अचूक कैफियत लिहिणाऱ्या माणसाचा सन्मान म्हणून तुम्हाला शेरवानीसाठी हिमरूचं कापड आलं. जांभळ्यावर जरीची वेलबुट्टी. इतकं देखणं कापड आपल्या घरात कधी आलं नव्हतं. तुम्ही ते हातात धरून उभे होतात आणि तुमच्या चेहऱ्याकडं बघून मला वाटलं की कोणी वारलंय. अम्मी म्हणाली, शिवून घ्या, कापडाचा काय गुन्हा? तुम्ही म्हणालात, "नक्को." ते पेटीत राहिलं, त्याला कसर लागली, आणि एक दिवस अम्मीनं ते बाहेर टाकलं.

पावसाळा सरता सरता हिंदुस्थानची फौज आली आणि राज्य संपलं. ते दिवस मला सलग आठवत नाहीत, धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात. बंद दारं, पलीकडच्या गल्लीतली रडारड, मामूंच्या घरी एका खोलीत आपण सगळे, आणि तुम्ही दाराला पाठ लावून बसलेले. मग सगळं शांत झालं. खूपच शांत झालं. अर्धा मोहल्ला निघून गेला होता. तुम्ही म्हणालात, आपण कुठं जायचं, आपली माणसं इथंच पुरलेली आहेत.

नव्या साहेबांनी तुम्हाला बोलावलं. त्यांना उर्दू येत नव्हती. कारकुनानं जुना कागद काढून तेवढं एकच अर्धं वाक्य त्यांना वाचून दाखवलं, कारण हैदराबादेत कोणीतरी तेवढ्याखालीच लाल रेघ ओढली होती. साहेब म्हणाले, "तुमच्या शब्दावर लोकांची घरं जाळली. काय म्हणणं आहे?" तुम्ही म्हणालात, "शब्द माझाच आहे. पण सगळा वाचा." त्यांना तेवढा वेळ नव्हता. नोकरी गेली. तुम्ही वस्तीला आधी जाऊन सांगितलं होतं, हे एकदाही तोंडातून काढलं नाहीत.

आणि मग एके सकाळी ती म्हातारी आपल्या दारात. घोंगड्या विकायला शहरात आली होती आणि विचारत विचारत तिनं आपलं घर शोधलं होतं. अम्मीनं तिला स्वयंपाकघरात बसवलं. तिला हसू आवरत नव्हतं. गंगापुरात मोठी सभा झाली म्हणे, नवे पुढारी आले, म्हाताऱ्याला मांडवात वर बसवलं, गळ्यात हार घातला. पुढारी म्हणाले, या शूर लोकांची निझामानंसुद्धा धास्ती घेतली होती, त्याच्या खुफियानंच लिहून ठेवलंय की हे लोक आपल्याला येऊन मिळणार आहेत.

"आमाला शूर म्हनले बाय! ह्यांनी उठून म्हनलं, सायेब, आमी तर भेलो व्हतो. भिऊन पळालो. तर ते लोकांना म्हनले, बघा, किती मोठ्या मनाचा मानूस! आन् टाळ्या झाल्या."

ती हसत होती, अम्मी हसायला लागली, मीही. तुम्ही हसला नाहीत. म्हातारी मग गंभीर झाली. तुमच्याकडं वळून म्हणाली, "भाऊ, मी जाऊन सांगू का त्या सायबाला? ह्यो मानूस आला व्हता म्हून आमी वाचलो. तुमची नोकरी माघारी देतील."

अम्मी एकदम म्हणाली, "हां, बताने दो. बताने दो ना!" मला अम्मीचा तो आवाज विसरता येत नाही.

तुम्ही मान हलवलीत. "नको बाई. तुम्हाला पुन्हा कुणा साहेबापुढं उभं करायचं नाही. तुम्ही एक सांगाल, ते दुसरंच ऐकतील." ती बराच वेळ बसली, एक घोंगडी ठेवून गेली, कितीही सांगितलं तरी परत घेतली नाही.

पुष्कळ वर्षांनी, मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागल्यावर, एका संध्याकाळी तुम्ही आपण होऊन तो विषय काढलात. मी त्या पुढाऱ्यांना शिव्या दिल्या, दोन्हीकडच्या. तुम्ही म्हणालात, "त्यांचं ठीक आहे. ते त्यांच्या धंद्यात होते. पण मी ते दुसरं वाक्य लिहायलाच नको होतं. ती माणसं घाबरलेली आहेत, हे मी पाहिलं होतं. ती पुढं काय करतील, हे मी कुठं पाहिलं होतं? मला वाटलं, असं लिहिलं तर वरचे घाबरतील आणि त्यांना त्रास देणार नाहीत. मीसुद्धा वरच्यांना माझ्या मनासारखं वागायला लावायलाच गेलो." मी म्हटलं, अब्बा, तुम्ही भल्यासाठीच लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "हौ. सब भले के वास्तेच लिखते." आणि पाणी प्यायला उठून गेलात.

मी त्यावर आयुष्यभर विचार केलाय. ते वाक्य नसतं तर त्यांनी दुसरं कुठलं उचललं असतं, असं मला वाटतं. ज्याला वस्ती जाळायची होती त्याला पहिल्या वाक्यातही कारण सापडलं असतं. पण हे मला वाटतं. पाहिलेलं नाही. म्हणून तुमच्यापुढं ठासून सांगत नाही.

हे कुठं पाठवायचं नाही. तुमच्या कबरीवर ठेवावं असं मनात आलं होतं, पण तिथवर आता माझ्यानं चालवत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं म्हणजे तो वाटेत वाचणार. उशीखाली दोन दिवस राहील, मग मी फाडून टाकीन. फाडण्याआधी एक सांगते. नोकरी गेल्यावर तुम्ही वर्षभर घरी होतात. शाळेतून आले की तुम्ही दारात. दुपारी आपण पाणचक्कीच्या हौदावर जायचो, माशांना पिठाच्या गोळ्या टाकायचो, थंड तुषार अंगावर यायचे, आणि तुम्हाला कुठंच जायचं नसायचं. माझी वेणी तुम्ही घालायला शिकलात, वाकडी घालायचात, आणि मी ती तशीच शाळेत मिरवायची. त्या वर्षी अम्मी रोज रडायची, तुम्ही आतून खचत चालला होतात, हे मला दिसत होतं, आणि तरी अब्बा, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं.